व्यून्सडोर्फची लाकडी मशीद

आमच्या लहानपणी घरात पहिल्या महायुद्धाच्या गोष्टी निघत. आजोबा मुंबई बंदरातून आगबोटीवर जाणारे खलाशी. आमच्या कोकणातल्या गावात तेव्हा घरटी एक माणूस दर्यावर असे. आजोबा सांगत, "जर्मनचा बादशहा आतून मुसलमान होता. हाजी विल्हेल्म म्हणत त्याला." आम्ही मुले तोंडाचा आ करून ऐकायचो. पुढे शाळेत इतिहास शिकलो, तेव्हा ही गोष्ट खोटी आहे हे समजले. पण ती आजोबांपर्यंत पोहोचली कशी, हे कोणी शिकवले नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे बर्लिनला गेलो. तो तिथे नोकरी करतो. आता कायमचे राहायचे की परत यायचे, हा विचार त्याच्या मनात चालू आहे. आम्ही दोघेही त्यावर बोलायचे टाळत होतो. एका शुक्रवारी तो म्हणाला, "अब्बा, अम्मी, आज जुम्याला तुम्हाला तुर्कांच्या मशिदीत नेतो. तिथे एक जुने कब्रस्तानही आहे." आजोबांच्या त्या गोष्टीचा माग तिथूनच लागला.

कोलुंबियाडामचे कब्रस्तान

शहराच्या दक्षिणेला, जुन्या टेम्पेलहोफ विमानतळाच्या कडेने कोलुंबियाडाम नावाचा रस्ता जातो. त्यावर दोन मिनारांची शेहितलिक मशीद आहे. मशीद अलीकडची, पण तिच्या अंगणातले कब्रस्तान १८६६ सालचे. तुर्कस्तानचे राजदूत अली अझीझ एफेंदी १७९८ मध्ये बर्लिनला वारले. त्यांना दफन कुठे करायचे, असा प्रश्न प्रशियाच्या राजापुढे आला आणि त्याने जागा दिली. नंतर ती जागा सोडावी लागली, तेव्हा आधीच्या कबरी इथे हलवल्या. जर्मनीतले हे सर्वांत जुने मुस्लिम कब्रस्तान. नमाजनंतर आम्ही तिथे फातिहा पढलो. परक्या मुलखातल्या मातीत आपल्या कबरी इतक्या जुन्या आहेत, हे पाहून मनाला धीर वाटला.

मुलगा म्हणाला, "आता शेजारच्या भिंतीपलीकडेही चला."

पलीकडे जर्मन सैनिकांचे जुने कब्रस्तान आहे. तिथे एक मोठा दगड आहे. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०७ मध्ये मेलेल्या सात जर्मन सैनिकांची नावे त्यावर आहेत. त्या सातांच्या समोर किती मेले, हे त्या दगडावर नाही. तिथल्या हेरेरो लोकांनी आपल्या जमिनी आणि गुरे जाताना पाहून बंड केले, तेव्हा सेनापती फोन ट्रोथाने २ ऑक्टोबर १९०४ रोजी हुकूम काढला की, जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालावी. लोकांना पाण्याविना वाळवंटात हाकलले. हेरेरो जमातीतले बहुसंख्य लोक त्यात संपले. नामा लोकांचेही तेच हाल झाले. तिकडे पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, १९०५ मध्ये माजी-माजी नावाचे बंड झाले. ते मोडताना उभी शेते जाळली. गोळ्यांपेक्षा उपासमारीने जास्त माणसे गेली. त्या मुलखाच्या किनारपट्टीवर मुसलमानांची जुनी वस्ती होती.

२००९ मध्ये त्या दगडाजवळ जमिनीवर नामिबियातल्या बळींसाठी एक पाटी बसवली आहे. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असे २०२१ मध्ये जाहीरपणे मानले. म्हणजे सव्वाशे वर्षे होत आली तेव्हा.

आम्ही भिंतीकडे पाहिले. एका बाजूला राजाने मेहेरबानीने दिलेली मुसलमानांची जागा, दुसऱ्या बाजूला त्याच राजघराण्याच्या सैन्याने केलेल्या कत्तलीची खूण. मध्ये फक्त एक भिंत.

साम्राज्य कसे होते?

या साम्राज्याचा जन्म १८ जानेवारी १८७१ रोजी झाला, तोही जर्मनीत नव्हे, तर हरवलेल्या फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात. प्रशियाचा राजा जर्मन सम्राट झाला आणि सगळी सूत्रे चॅन्सेलर बिस्मार्कच्या हातात आली. १९१८ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, हे राज्य टिकले.

त्याचे बरे ते बरे म्हटले पाहिजे. राइशस्टागसाठी पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत होते. कामगारांसाठी १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा विमा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचे पेन्शन सुरू झाले. आज आमच्या मुलाच्या पगारातून विम्याचे जे पैसे कापले जातात, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे. पण मंत्रिमंडळ राइशस्टागला नव्हे, सम्राटाला बांधील होते. आणि प्रशियाच्या विधानसभेत कर जास्त भरणाऱ्याच्या मताचे वजन जास्त होते. श्रीमंत थोडे असूनही त्यांचा आवाज मोठा.

आणखी एक रीत होती. राज्याला एक करण्यासाठी आतला शत्रू लागे. पहिली पाळी कॅथलिकांची आली. ते लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते. 'यांची निष्ठा बर्लिनकडे की रोमकडे?' असा सवाल विचारला गेला. १८७२ मध्ये जेझुइट पंथावर बंदी आली, धर्मगुरूंच्या शिक्षणावर सरकारचा ताबा आला, बिशप तुरुंगात गेले. मग समाजवाद्यांची पाळी आली. १८७८ ते १८९० त्यांच्या संघटनांवर आणि वर्तमानपत्रांवर बंदी होती. पूर्वेकडच्या पोलिश प्रजेला कचेरीत आणि शाळेत जर्मन सक्तीची झाली. व्ह्झेश्निया गावातल्या शाळेत १९०१ साली मुलांनी धर्माचा धडा जर्मनमध्ये म्हणायला नकार दिला, तेव्हा त्यांना छड्यांनी मारले. जाब विचारणाऱ्या पालकांना तुरुंगात टाकले.

हे वाचताना आमच्या घरातल्या मंडळींना वेगळे काही सांगावे लागले नाही. मात्र शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅथलिकांचा पक्ष दडपशाहीने मोडला नाही, उलट वाढला. समाजवादी १९१२ च्या निवडणुकीत ३९७ पैकी ११० जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष झाले. शाळा, वर्तमानपत्र, पतपेढी, वाचनालय हे सगळे त्यांनी स्वतःचे उभे केले होते.

राइशस्टागच्या इमारतीसमोर उभे राहून आम्ही फोटो काढला. दारावर 'जर्मन जनतेसाठी' अशी मोठी अक्षरे आहेत. इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली, पण ही अक्षरे लागली १९१६ च्या अखेरीस, जेव्हा युद्धाने त्रासलेल्या जनतेला खूश करणे भाग पडले. ती ओतली लोएवी नावाच्या यहुदी घराण्याच्या कारखान्याने. त्याच १९१६ च्या ऑक्टोबरात सैन्याने हुकूम काढला होता की, आपल्या यहुदी सैनिकांची मोजणी करा. ते आघाडीवर जायचे चुकवतात असा आरोप होता. मोजणी झाली, पण निकाल युद्ध चालू असेपर्यंत जाहीर केला नाही. सुमारे एक लाख यहुदी त्या सैन्यात लढले आणि बारा हजार मेले. पुढे हिटलरच्या काळात त्या लोएवी घराण्यातल्या माणसांनाही ठार मारण्यात आले. ज्यांनी 'जनतेसाठी' ही अक्षरे घडवली, त्यांना जनतेतून वगळले.

पाऊण तासाची गाडी

रविवारी सकाळी आम्ही बर्लिनहून दक्षिणेला जाणारी लोकल गाडी धरली. साधारण पाऊण तासात व्यून्सडोर्फ आले. मुलाने डबा घेतला होता, पराठे आणि अंडी. बाहेर सपाट जमीन, रेताड माती आणि सरळसोट पाइनची झाडे. आपल्याकडच्या सुरूच्या बनासारखे दिसते, फक्त समुद्र नाही.

गाव शांत. जागोजागी जुन्या बराकी आणि काँक्रीटचे बंकर. इथे सम्राटाचे सैन्य होते, मग हिटलरच्या सैन्याचे मुख्यालय, मग १९९४ पर्यंत रशियन फौज. आता त्यातल्या काही घरांत जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. आम्ही शोधत होतो तो रस्ता सापडला. पाटीवर नाव होते 'मोशेश्ट्रासे', म्हणजे मशीद रस्ता. रस्त्याला नाव आहे, पण मशीद नाही.

ती गोष्ट अशी. सम्राट दुसरा विल्हेल्म १८९८ मध्ये तुर्कस्तान आणि शामच्या सफरीवर गेला. दमास्कसला सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या मजारीवर गेला. ८ नोव्हेंबरला मेजवानीत त्याने जाहीर केले की, जगातल्या तीस कोटी मुसलमानांचा जर्मन सम्राट कायमचा दोस्त राहील. त्याच्या वतीने मजारीवर सोनेरी मुलाम्याचा हार चढवला गेला. तो हार १९१८ मध्ये इंग्रजांच्या लॉरेन्सने उचलला आणि आज तो लंडनच्या युद्ध संग्रहालयात आहे. दोस्तीच्या त्या भाषणाच्या वेळी जर्मन बँकेची नजर बगदादपर्यंत रेल्वे नेण्याच्या ठेक्यावर होती. तो ठेका मिळालाही. आणि घरी परिस्थिती अशी की, १९१० मध्ये बर्लिनला भरलेल्या वसाहतींच्या परिषदेत आफ्रिकेतल्या इस्लामच्या प्रसाराचा धोका सांगणारा ठराव झाला.

युद्ध तोंडावर आले तेव्हा, ३० जुलै १९१४ रोजी, सम्राटाने एका तारेच्या कडेला लिहिले की, आपल्या वकिलांनी सारे मुस्लिम जग इंग्रजांविरुद्ध पेटवले पाहिजे. माक्स फोन ओपेनहाइम या विद्वानाने त्याची योजना आखून दिली. तो अरबी जाणणारा, पूर्वेकडच्या जुन्या अवशेषांचा अभ्यासक. नोव्हेंबरात इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला. पण त्यात सोय अशी होती की इंग्रज, फ्रेंच आणि रशियन यांच्याशी लढणे फर्ज, आणि जर्मन व ऑस्ट्रियन मात्र दोस्त. हाजी विल्हेल्मच्या अफवा याच दिवसांत बंदरोबंदरी फिरल्या. आजोबांच्या कानावर ती कुठल्या बंदरात पडली, अल्लाह जाणे.

चंद्रकोर छावणी

फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेल्या मुसलमान कैद्यांना वेगळे काढून इथे ठेवले. छावणीचे नाव 'हाल्बमोंडलागर', म्हणजे चंद्रकोर छावणी. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि सेनेगलचे सैनिक होते. हिंदुस्थानी पलटणींतले पठाण आणि पंजाबी मुसलमान होते आणि त्यांच्याबरोबर शीख, गुरखे, गढवालीही. जवळच दुसऱ्या छावणीत रशियाच्या सैन्यातले तातार होते.

कैद्यांसाठी मशीद बांधली. पाच आठवड्यांत, लाकडाची, घुमट आणि २३ मीटर उंच मिनार असलेली. १३ जुलै १९१५ रोजी, रमजानच्या सुरुवातीला तिचे उद्घाटन झाले. श्वेत्सिंगेनच्या राजवाड्याच्या बागेत शोभेची एक मशीद अठराव्या शतकातच होती, पण नमाजसाठी बांधलेली जर्मनीतली पहिली मशीद ही. कैद्यांना जनावर हलाल करायची मुभा होती. ईद साजरी व्हायची, फोटो काढले जायचे आणि त्यांची पोस्टकार्डे छापली जायची. 'अल-जिहाद' नावाचे वर्तमानपत्र छावणीसाठी निघे आणि हिंदुस्थान्यांसाठी उर्दू आणि हिंदीत 'हिंदोस्तान'.

आपल्याकडचे क्रांतिकारकही त्या वेळी बर्लिनला होते. भोपाळचे मौलाना बरकतुल्लाह आले होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे जर्मनांच्या मदतीने इराणकडे गेले. मुंबईच्या मादाम कामांनी तर १९०७ मध्येच जर्मनीतल्या श्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवला होता. इंग्रजांना घालवण्यासाठी या मंडळींनी जर्मनांचा हात धरला, तो डोळे उघडे ठेवून. सैनिकांची गोष्ट वेगळी. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

एका घरातली गोष्ट ऐका. मीर मस्त नावाचे आफ्रिदी जमादार मार्च १९१५ मध्ये फ्रान्सच्या खंदकातून काही साथीदार घेऊन जर्मनांकडे गेले. त्यांचे सख्खे भाऊ मीर दस्त इंग्रजांच्या बाजूने लढले आणि पुढच्याच महिन्यातल्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक भाऊ एका बादशहाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. दोन्ही बादशहा परके.

कैद्यांपैकी काही उत्तर आफ्रिकी आणि तातार सुलतानाच्या फौजेत जायला तयार झाले. हिंदुस्थान्यांतले फार थोडे गेले. बाकीच्यांनी नमाज पढली, मिळाले ते खाल्ले आणि घरची वाट पाहिली. आणि त्याच १९१५ मध्ये या दोस्तीच्या आड तुर्की राज्यातल्या अर्मेनियन ख्रिस्ती प्रजेची जी कत्तल झाली, तीकडे बर्लिनच्या सरकारने माहीत असूनही डोळेझाक केली. जुलूम आपल्या माणसाने केला म्हणून तो लहान होत नाही. हे इथे लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही.

आवाज

कैद्यांकडे आणखी एक वर्ग आला, विद्वानांचा. काहींनी त्यांची डोकी आणि नाके मोजली. माणसांचे 'नमुने' घरपोच मिळाले होते. विल्हेल्म डोएगेन या भाषाशिक्षकाच्या पुढाकाराने १९१५ ते १९१८ मध्ये छावण्याछावण्यांत आवाज तबकड्यांवर उतरवले. सुमारे अडीचशे भाषा आणि बोली. कैदी भोंग्यापुढे उभा राहायचा. नाव, गाव, मातृभाषा कागदावर लिहिली जायची. मग तो गाणे म्हणे, गोष्ट सांगे. तबकड्या आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत.

त्यातली एक मल्ल सिंग नावाच्या शीख शिपायाची आहे, ११ डिसेंबर १९१६ ची. तो स्वतःचे नाव न घेता कुणा एका माणसाची गोष्ट सांगतो. हिंदुस्थानात लोणी खाणारा हा माणूस इंग्रजांच्या नोकरीत गेला, युद्धात आला, जर्मनांनी पकडला. आता त्याला फक्त घरी जायचे आहे. एक मिनिटभराची तबकडी. आमच्या घरात ती ऐकताना कोणी बोलले नाही. मुलगा खिडकीतून बाहेर पाहत होता.

त्सेरेन्सडोर्फ

गावाबाहेर काही किलोमीटरवर जंगलात कब्रस्तान आहे. गाव त्सेरेन्सडोर्फ. सैन्याच्या सरावासाठी ते गाव केव्हाच उठवले, राहिल्या फक्त कबरी. वाट सोडून जाऊ नका, जमिनीत जुना दारूगोळा आहे, अशा सूचना लागल्या आहेत. रशियन फौज होती तोवर इथे कुणाला येता येत नव्हते. २००५ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा खुले केले.

हिंदुस्थान्यांच्या दोनशेहून अधिक कबरी आहेत. मुसलमानांच्या दगडावर अरबी अक्षरे, हिंदूंच्या दगडावर ॐ, शिखांच्या दगडावर त्यांची खूण. सगळे शेजारी शेजारी. थंडीने आणि क्षयाने माणसे इतकी मेली की १९१७ मध्ये उरलेल्या हिंदुस्थान्यांना बऱ्या हवेसाठी रुमानियात हलवावे लागले. मशीद बांधून दिली, पण रेताड जमिनीवरच्या लाकडी बराकीतली थंडी मशिदीने कमी होत नाही.

सैनिकांशिवाय खलाशीही कैदेत होते. युद्ध सुरू झाले तेव्हा हांबुर्ग आणि ब्रेमेनच्या बंदरात बोटींवर असलेले मुंबई-कलकत्त्याचे खलाशी तिथेच अडकले. त्यांनी कुणावर बंदूक रोखली नव्हती, कोळसा टाकला होता. हे कळल्यापासून आमची नजर दगडांवर कोकणी आडनाव शोधत होती. सापडले नाही. सगळे दगड वाचूनही झाले नाहीत, कारण अम्मींना पुढे वाचवेना. आम्ही हात उचलले आणि सगळ्यांसाठी दुआ मागितली. मरहूमांची नावे वाचता येत नाहीत म्हणून दुआ अडत नाही.

मुलगा म्हणाला, "पणजोबांची बोट दुसऱ्या बंदरात असती तर?"

उत्तर कोणीच दिले नाही.

परत येताना

युद्ध संपले, सम्राट नोव्हेंबर १९१८ मध्ये हॉलंडला पळाला. मशिदीची गरज संपली. काही वर्षे बर्लिनमधले मुसलमान तिथे ईदला येत राहिले, मग लाकूड कुजू लागले आणि १९२५-२६ च्या सुमारास मशीद पाडली. जिहादसाठी बांधली होती, डागडुजीसाठी पैसा कुठला?

पुढे शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, तिथे निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी खोदकाम करायचे होते. आधी पुरातत्त्वाच्या लोकांनी जागा तपासली, तेव्हा मशिदीचे अवशेष वर आले. म्हणजे जिथे कैद्यांनी सजदे केले, तिथेच आता युद्धातून पळून आलेल्यांसाठी निवारा झाला. त्या वर्षी जर्मनीत आलेल्यांत सर्वाधिक लोक शामचे होते. जिथल्या मजारीवर हार चढला, त्याच मुलखाचे. या वेळी त्यांना कुणाशी लढायला सांगितले नाही. जर्मन शिकायला सांगितले आणि कागद भरायला. आम्हाला हा फरक लहान वाटला नाही.

परतीच्या गाडीत मुलाने विषय काढला. "इथे राहिलो तर तुम्ही नाराज व्हाल?" आम्ही म्हणालो, "राहा किंवा ये, तो तुझा निर्णय. एवढेच बघ की तुला इथे तू म्हणून ठेवतात, की कामापुरते. कामापुरती दिलेली मशीद दहा-अकरा वर्षांत पडते. हक्काने घेतलेली जागा टिकते. आणि शेजारच्या भिंतीपलीकडे कोण पुरले आहे, हे विचारायचे सोडू नकोस. आपल्याला गोड बोलणारा दुसऱ्याशी कसा वागतो, त्यावरून माणूस ओळखायचा. राज्यही तसेच."

तो हसला. "कोलुंबियाडामला पुढच्या जुम्यालाही जाऊ," म्हणाला.

आजोबांची आठवण झाली. त्यांना कुणी फसवले याचा राग आता नाही. गुलामीत असलेल्या माणसाला दूरचा एखादा बादशहा आपला वाटतो, कारण जवळचा आपला नसतो. अल्लाह त्यांची आणि त्सेरेन्सडोर्फच्या त्या सगळ्या परदेशी झोपलेल्यांची मगफिरत करो. आमीन.